डॅशबोर्डची मागची बाजू

ठिणगीला ठिणगी हे नाव धंद्यामुळे पडलं, अशी तिच्या दुकानात येणाऱ्या ड्रायव्हरांची समजूत आहे. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारी बाई, म्हणून ठिणगी. समजूत चुकीची आहे. हातातला खुळखुळा काढून घेतला म्हणून तिने मामाच्या बोटाला कडकडून चावा घेतला, त्या दिवशी हे नाव पडलं आणि तेव्हा तिला धड उभंही राहता येत नव्हतं. धंदा फार नंतर आला, स्वभाव आधीचा.

तिचं दुकान म्हणजे एक शटर आणि त्यामागची अरुंद खोली. भिंतीवर खिळ्यांना अडकवलेली रंगीबेरंगी वायरची भेंडोळी, टेबलावर पकडी आणि जळक्या होल्डरांचा ढीग, आणि गिऱ्हाइकांना बसायला कुठल्याशा भंगार गाडीचं काढून आणलेलं सीट. या सीटची एक स्प्रिंग वर आली आहे. ती फक्त नव्या माणसाला टोचते. ओळखीची माणसं न बघता डावीकडे सरकून बसतात. ठिणगी ती स्प्रिंग दुरुस्त करत नाही, कारण कोण किती वेळा येऊन गेलंय हे तिला त्यावरून आपोआप कळतं.

कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती खालून बघायची, ही तिची लहानपणापासूनची खोड. खेळण्यातली मोटार उताणी करायची, टेबलाखाली झोपायचं, शिलाई मशीनच्या पोटात डोकं घालायचं. या खोडीपायी सर्वात जास्त मनस्ताप झाला तो तिच्या दादाला. दादाने शाळेत असताना एक स्टूल बनवलं होतं. वरून गुळगुळीत, कडा घासलेल्या, सगळं घर कौतुक करत होतं. ठिणगी तेवढी स्टुलाखाली शिरली आणि आतून ओरडली, “खालून सगळे खिळे बाहेर आलेत! दादा, तुझं काम नेहमी वरवरचं!”

घर हसलं. दादाही हसला. आणि हे वाक्य त्या घरात कायमचं राहायला आलं. दादाने पुस्तकाला कव्हर घातलं की ठिणगी ते उघडून बघायची. दादाने रेडिओ खोलून बिघडवला की ती तो रात्रीच्या जेवणाआधी जोडून ठेवायची आणि वर म्हणायची, “वरवरचं!” दादा काही बोलत नसे. तो बोलण्यातला माणूसच नव्हता. पुढे त्याने चष्म्याचं दुकान काढलं, केसाएवढ्या स्क्रूंशी आयुष्यभर झटापट केली, आणि फ्रेम गिऱ्हाइकाच्या नाकावर बसेपर्यंत चार चार वेळा वाकवून सरळ करणारा म्हणून नाव कमावलं. पण बहिणीच्या लेखी तो स्टूलवालाच राहिला. भावंडांच्या बाबतीत माणसाची प्रगती लक्षात घेण्याची पद्धत नसते.

अशा या दादाने उतारवयात एक स्पोर्ट्स कार घेतली. जुनी, दोन माणसांची, बिनछपराची. घेतली तेव्हा तिला गाडी म्हणणं हा गाडीचा अपमान नव्हता, भाषेचा होता. चाकं होती, पण ती फिरत नव्हती. दारं होती, ती लागत नव्हती. दादाने दुकान मुलाकडे सोपवलं, घराशेजारच्या शेडमध्ये गाडी उभी केली आणि हातात फडकं घेऊन तो तिच्यामागे लागला.

ठिणगी तेव्हा मनातून फुलून गेली होती. बॉडीचं काम दादा करेल, इंजिनचं मेकॅनिक करेल, आणि वायरिंग? वायरिंग कोण करणार हे काय विचारायला हवं? तिने जुन्या गाड्यांना शोभेल अशी कापडी वेष्टणाची वायर कुठून कुठून मिळवली आणि दुकानात सर्वात वरच्या खिळ्याला लावून ठेवली. कुणी मागितली तर “ती नाही द्यायची” म्हणायची.

आणि एके दिवशी पेट्रोल पंपावरचा माणूस तिच्या स्कूटरमध्ये पेट्रोल भरता भरता म्हणाला, “तुमच्या दादांच्या गाडीचं वायरिंग मस्त झालं म्हणे, ताई. त्या मोठ्या गॅरेजचा तज्ज्ञ आला होता ना?”

टाकी भरून पेट्रोल बाहेर सांडलं तरी दोघांच्याही लक्षात आलं नाही. त्याच्या, कारण तो बोलत होता. तिच्या, कारण तिला काही दिसत नव्हतं. घरी येऊन तिने दादाला फोन लावला, “अभिनंदन” एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला. दादा डोक्याने थंड, पण अडून बसला की अडून बसला. “फोन तिने ठेवला ना? मग तीच उचलेल,” असं तो बायकोला म्हणाला. ठिणगी नवऱ्याला म्हणाली, “चूक त्याची आहे ना? मग तोच येईल.” तिचा नवरा वाचनालयात काम करतो. त्याने पुस्तकातून मान वर केली आणि परत खाली घातली.

बहीणभावांचा अबोला सुरू झाला आणि सगळा भार पडला वहिनीवर. आजारपणं, लग्नाची आमंत्रणं, कुणाकडे कोणतं भांडं राहिलंय, सगळं तिच्या तोंडून जाऊ लागलं. “तिला सांग”, “त्याला सांग” हे ऐकून ऐकून ती बिचारी इतकी कावली की एकदा झोपेत “सांगते” म्हणाली.

तर ही वहिनी एका शुक्रवारी ठिणगीच्या दुकानात आली आणि सीटवर डावीकडे सरकून बसली.

“वन्सं, गाडीला भूतबाधा झालीय.”

“कुणाच्या?” ठिणगी होल्डरातून मान वर न काढता म्हणाली. कुणाच्या ते तिला चांगलं ठाऊक होतं.

“इंडिकेटर दिला की पेट्रोलचा काटा नाचायला लागतो. हेडलाइट लावले की दुसरं मीटर सांगतं इंजिन उकळतंय, आणि इंजिन तर गार. ब्रेक दाबला की सगळ्या मीटरांचे दिवे मिणमिणतात. त्या तज्ज्ञाने मीटरं बदलली, फ्यूजची पेटी बदलली. आता म्हणतोय सगळं वायरिंग उपसून पहिल्यापासून करू. ह्यांनी हात टेकले. विकतो म्हणाले. रविवारी दुपारी माणूस येतोय बघायला.”

खरं तर ठिणगीला आनंद व्हायला हवा होता. या दिवसाची ती दोन वर्षं वाट बघत होती. तज्ज्ञ तोंडावर आपटला होता, दादा हरला होता, आणि यात तिने काडीचाही हात लावला नव्हता. पण तिने हातातला होल्डर टेबलावर ठेवून दिला. गाडी गेली तर भांडणाचं कारण जाईल आणि अबोला तेवढा राहील. मग तो कशावरून सोडायचा? दादा सत्तरीला टेकला होता. तिला तिचा दादा परत हवा होता, आणि हे तिने जीव गेला तरी कुणाला सांगितलं नसतं.

“मी बघते,” ती म्हणाली. “पण मी त्याच्याशी बोलणार नाही.”

“ते पण तेच म्हणाले. ‘बघू दे तिला, पण मी बोलणार नाही.’” वहिनी उठली. “मग काय, जमलं की तुमचं.”

रविवारी सकाळी ठिणगी हत्यारांची पिशवी घेऊन शेडमध्ये शिरली आणि गाडी बघून दारातच थबकली. गर्द निळी, ठेंगणी, पुढून लांब नाक काढलेली. दिव्यांच्या कडा चकाकत होत्या. सीटचं चामडं नव्याने शिवलेलं होतं. दादा शेजारी उभा राहून चष्मा पुसत होता. चष्मा स्वच्छच होता.

“वहिनी, सांग त्याला, डिकी उघड म्हणावं. बॅटरी बघायचीय.”

“अहो, डिकी उघडा.”

“तिला म्हणावं बॅटरी नवी आहे.”

“वन्सं, बॅटरी नवी आहे.”

“मी नवी का जुनी ते विचारलं नाही म्हणावं.”

वहिनीने एकदा छताकडे बघितलं आणि डिकी स्वतःच उघडली.

डॅशबोर्डखाली शिरायची एक रीत असते आणि ती कुठल्याही वयाच्या बाईला शोभत नाही. सीटच्या पाठीवर पाय टाकायचे, पाठ सीटवर घसरवत खाली न्यायची आणि पाय ठेवायच्या जागी डोकं आणायचं. या गाडीत तेवढीही ऐसपैस जागा नव्हती. ठिणगी कण्हत, कुरकुरत डाव्या बाजूने आत गेली. दादाला उजव्या सीटवर बसून बटणं दाबायची होती. त्यामुळे आता दृश्य असं झालं, की दादाच्या कानाशी ठिणगीचे पाय, ठिणगीच्या कानाशी दादाचे बूट आणि बाहेर दाराशी कमरेवर हात ठेवून वहिनी.

ठिणगीने टॉर्च लावला. सबंध दोन वर्षं तिने मनात ठरवून ठेवलं होतं, की त्या तज्ज्ञाचं वायरिंग म्हणजे गुंतवळ असणार. नको तिथे जोड, चिकटपट्टी सुटलेली, रंगांचा घोळ. कोणते शब्द वापरायचे तेही ठरलं होतं. आणि समोर बघते तर वायरिंग सुरेख होतं. प्रत्येक वायर आपापल्या रंगाची, वळणं सारखी, बांधण्या घट्ट. एकही जोड उघडा नाही. तिला फार वाईट वाटलं.

तरीही तिने हार मानली नाही. तिच्याकडे एक साधा दिवा आहे, ब्रेकलाइटचा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन लांब वायरी. मीटरबिटर ती वापरते, पण मनातून विश्वास या दिव्यावर. एकेक वायर तिने त्या दिव्यावर तपासली.

“वहिनी, इंडिकेटर दे म्हणावं.”

“अहो, इंडिकेटर.”

टिक टिक टिक. पेट्रोलचा काटा उड्या मारू लागला.

“बंद.”

“बंद.”

“हेडलाइट.”

“हेडलाइट.”

उकळला काटा. सगळ्या वायरींत करंट बरोबर पोचत होता. ठिणगीने इंडिकेटरची डबी बदलली. काटा नाचला. विजेचा दाब सारखा ठेवणारी छोटी पेटी बदलली. काटा नाचला. चिडून तिने काही न बदलता पुन्हा बघितलं, तर तो आणखी जोरात नाचला.

“सांग तुझ्या नवऱ्याला, त्याच्या तज्ज्ञाचं काम चांगलं आहे,” ती अखेर आतून म्हणाली. हे म्हणायला तिला किती कष्ट पडले हे फक्त तिच्या पायांवरून दिसत होतं.

वहिनीने निरोप दिलाच नाही. ती म्हणाली, “मग बिघडलंय तरी काय?”

“करंट येतोय गं. येणाऱ्याची तक्रार नाही. पण आलेल्याला परत जायलाही वाट लागते, बॉडीच्या पत्र्यातून. त्याला अर्थिंग म्हणतात. ती वाट कुठेतरी बंद आहे. सरळ जाता येत नाही, म्हणून तो दुसऱ्यांच्या घरांतून घुसत घुसत जातोय. इंडिकेटरचा करंट पेट्रोलच्या मीटरमधून, हेडलाइटचा तिसरीकडून. म्हणून ज्याचा संबंध नाही तोच नाचतो.”

“म्हणजे माझ्यासारखं,” वहिनी म्हणाली.

दादाने चष्मा काढून पुसला. तेवढ्यात घरात फोन वाजला आणि वहिनी “आले” म्हणून गेली.

आता आली का पंचाईत! ठिणगीने दिव्याची एक वायर मीटरच्या पाठीला धरली होती, दुसरी जिवंत वायरला. दिवा पेटत नव्हता. मीटरवरची वायर दाराच्या बिजागरीच्या स्क्रूला लावली की लख्ख पेटत होता. म्हणजे मीटर आणि बॉडी यांच्यामध्येच वाट तुटली होती. आता काट्यांचं काय होतं ते बघायला इंडिकेटर हवा होता. हात दोन्ही गुंतलेले, मान वाकडी, आणि सांगायला वहिनी नाही. वर दादा हातभर अंतरावर बटणाशी बोट ठेवून बसलेला. दोघंही तोंड मिटून.

ठिणगीने कोपराने पत्र्यावर एकदा ठोकलं.

दादाने इंडिकेटर दिला.

तिने दोनदा ठोकलं. दादाने बंद केला. तिने तीनदा ठोकलं आणि तिला स्वतःलाच कळेना की तीनचा अर्थ काय. दादाने हेडलाइट लावले. तेच हवं होतं! अंधारात तिला हसू आलं. लहानपणी एकीकडे ती आणि एकीकडे दादा, मध्ये भिंत, आणि आई झोपली की असंच ठोकून चालायचं. तेव्हाही तीनचा अर्थ ठरलेला नव्हता आणि तेव्हाही दादाला तो कळायचा.

तिने मीटर डॅशबोर्डला धरून ठेवणारी पट्टी आवळून बघितली. पट्टी घट्ट होती. मग ती डॅशबोर्डच्या पत्र्यावर टेकूनही वाट का मिळू नये? तिने टॉर्च तिरपा धरला, मान आणखी मोडली आणि पत्र्याच्या मागच्या बाजूला उजेड टाकला.

निळा रंग. गर्द, गुळगुळीत, आरशासारखा.

डॅशबोर्डला मागून कुणी रंग देत नाही. कारखान्यातही नाही. पुढून देतात, मागे एखादा उडालेला फवारा असतो, बाकी नुसता पत्रा. आणि तो तसाच हवा, कारण मीटरं त्या उघड्या पत्र्याला टेकतात आणि त्यातूनच करंट परत जातो. इथे मात्र एकावर एक हात दिले होते. भोकांच्या कडा घासलेल्या. कोपऱ्यांत ओघळ नाही. ब्रशचा एक केस चिकटलेला नाही. त्या रंगाच्या जाड थराने सगळ्या मीटरांची परतीची वाट बंद करून टाकली होती. तज्ज्ञाला ते दिसलं नाही यात नवल नव्हतं. तो वायरी बघत होता. तीही सकाळपासून वायरीच बघत होती.

हे काम कुणाचं ते सांगावं लागलं नाही. एवढी चिकाटी आणखी कुणाकडे नव्हती. पण का? तिथे कोण बघणार होतं? गाडी दाराशी उभी केली असती तर हजार माणसांनी ती पुढून बघितली असती. डॅशबोर्डच्या मागे डोकं घालून, उताणं पडून, टॉर्च मारून बघणारं या घराण्यात एकच माणूस होतं.

ठिणगी तशीच पडून राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि डोकं खाली असल्यामुळे ते गालांवरून जायच्या ऐवजी कपाळावरून केसांत गेलं.

“दादा,” ती म्हणाली.

कानाशी असलेले बूट हलले नाहीत.

“दादा, मागून पण रंग दिलास?”

मग दादा घसा खाकरून म्हणाला, “मीटरं लावायच्या आधी. पॉलिश पेपर मारून, वाळवून, पुन्हा मारून.”

“कशाला?”

“तू बघशील म्हणून.” तो थांबला. “तुला पूर्ण झाल्यावर दाखवायची होती. वायरिंग तुला दिलं असतं तर तू मध्येच आली असतीस, सगळं स्वतःच केलं असतंस, आणि मग ती तुझी गाडी झाली असती. मला एकदा... एकदा तरी तुला खाली शिरू द्यायचं होतं आणि ऐकायचं होतं काय म्हणतेस.”

ठिणगीने नाक ओढलं.

“फार सुंदर झालंय,” ती म्हणाली. “शपथेवर सांगते, एवढं सुंदर काम मी कुठल्या गाडीत खालून बघितलेलं नाही. आणि गाडी त्याच्यामुळेच बिघडलीय.”

“काय?”

“रंगातून करंट जात नाही, दादा. तू सगळी वाटच रंगवून टाकलीस.”

वरून एक विचित्र आवाज आला आणि ठिणगीला वाटलं दादा रडतोय, म्हणून ती घाईघाईने उठायला गेली आणि तिचं डोकं डॅशबोर्डला आपटलं. दादा हसत होता. चष्मा नाकावरून खाली येईपर्यंत हसत होता.

“म्हणजे वरवर केलं असतं तर चाललं असतं!”

“तेच तर!”

तिने पॉलिश पेपरचा कपटा काढला आणि पट्टीखालची जागा घासायला घेतली. तत्क्षणी दादाचं हसणं थांबलं.

“किती घासतेयस?”

“नाण्याएवढं.”

“कुठल्या नाण्याएवढं? थांब, मला बघू दे.”

“तुला इथे बघता येणार आहे का? चष्मा पडेल.”

“अगं, जपून! हाताने बरोबर होणार नाही. माझ्याकडे दुकानातली बारीक कानस आहे, ती आणतो.”

“मला शिकवू नकोस, आयुष्य गेलंय माझं यात.”

“आणि माझे तो रंग देण्यात महिने गेलेत!”

वहिनी फोन ठेवून अंगणात आली ती हा आरडाओरडा ऐकूनच. तिने शेडच्या दारातून आत डोकावलं. नणंदेचे पाय हवेत होते, नवरा कानस घेऊन सीटवर गुडघे टेकून वाकला होता आणि दोघंही एकाच वेळी बोलत होती. डॅशबोर्डवर इंडिकेटर टिकटिकत होता आणि पेट्रोलचा काटा जागच्या जागी शांत होता. कुणीही तिला “सांग” म्हणालं नाही. तिला एकदम खूप दमल्यासारखं वाटलं, आणि खूप हलकंही.

तेवढ्यात फाटकाशी एक गृहस्थ आले. ठरल्या वेळेच्या आधीच.

“गाडी बघायची होती. साहेब आहेत का?”

“आहेत,” वहिनी म्हणाली, “पण आता मोकळे नाहीत. बहिणीशी बोलतायत.”

गृहस्थांनी शेडच्या दिशेने कान टवकारले. आतून काहीतरी पत्र्यावर आपटलं आणि “वरवरचं!” असं कुणीतरी ओरडलं.

“मग मी थांबू का थोडा वेळ?”

“नका थांबू,” वहिनीने फाटकाची कडी लावली. “त्यांचं खूप दिवसांचं राहिलंय.”